कामगंध सापळ्यात पतंग दोन-तीनच, पण हिरव्या बोंडांत अळी : फवारणी कशावर ठरवायची?

कोरडवाहू_तीनएकर
कपाशी बीजी-२ (बोंडअळीला विषारी अशी दोन बीटी जनुकं असलेली), लागवड २० जूनची, आज १०५ दिवस झाले. ४५व्या दिवसापासून एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) आहेत, ल्यूर म्हणजे आतली गंधाची गोळी गुलाबी बोंडअळीचीच. गेला आठवडाभर एका सापळ्यात रात्रीला २-३ पतंग, म्हणजे सलग तीन रात्री ८ पतंग या फवारणीच्या पातळीच्या बरंच खाली. डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुलं) १०० फुलांत ४. पण काल २० हिरवी बोंडं फोडली तर ३ मध्ये अळी निघाली. शेजारच्या शेतात मिलन रोखणाऱ्या गंधदोऱ्या बांधलेल्या आहेत. सापळा एक सांगतो आणि बोंड दुसरंच. फवारावं का? आणि बीजी-२ असून बोंडात अळी टिकते कशी?

काळीमाती
बोंडाचं खरं धरा. २० पैकी २ बोंडांत जिवंत अळी निघाली की १० टक्के, तीच आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे जिथे फवारणी करायची ती. तुमच्याकडे १५ टक्के आहे.

सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालते ती मादी, आणि ती ल्यूरकडे फिरकतही नाही. म्हणून सापळ्याचा आकडा वाढला तर तो इशारा समजायचा, पण कमी आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तुमच्या बाबतीत तर कारण प्रश्नातच आहे. शेजारच्या दोऱ्यांमधून तोच गंध एकरी साधारण १६० ठिकाणांहून सुटतोय. त्या गंधात नराला तुमची एक ल्यूर सापडणार कशी? दोऱ्यांच्या आसपासच्या शेतात सापळे रिकामे राहतातच. तिकडे मिलन थांबतं, पण लांबच्या शेतात मिलन होऊन आलेली मादी तुमच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) अंडी घालायला मोकळी असते. दोऱ्या तुकड्या-तुकड्याने न बांधता सलग शिवारात बांधाव्यात, असं म्हणतात ते यासाठीच.

तरी सापळाही एकदा तपासा. पीक वाढत जातं आणि सापळा ४५व्या दिवशीच्या उंचीवर पानांत बुडून राहतो. तो शेंड्याच्या वर फूट-दीड फूट हवा. ल्यूरची मुदत पाकिटावर असते, ती संपली की बदला. बदलताना हाताला तंबाखू किंवा औषधाचा वास नको. नरसाळ्याच्या सापळ्यात खालच्या पिशवीची गाठ सुटली किंवा ती फाटली, तर आलेले पतंग निघून जातात आणि मोजणी शून्य येते. पिशवीत पावसाचं पाणी साचू देऊ नका.

बोंडफोड
फवारणीच्या आधी एक विचारतो. बोंडं निवडली कशी? बांधाकडच्या ओळीतली किंवा डाग दिसणारी तोडली असतील तर १५ टक्क्यांना अर्थ नाही. शेतात तिरकं चालत २० वेगवेगळ्या झाडांचं एकेक बोंड घ्यायचं, १५-२० दिवसांचं, दाबलं तर किंचित मऊ लागणारं. बाहेरून छिद्र शोधू नका. अंड्यातून निघालेली अळी आत शिरते ते छिद्र लगेच बुजतं. दिसतं ते गोल छिद्र अळी बाहेर पडल्याचं असतं, म्हणजे तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. फोडल्यावर सालीची आतली बाजू बघा. तिथे बारीक नागमोडी रेघ किंवा फोडासारखी गाठ असेल तर अळी आत गेलीय. सुरुवातीची अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो. केवळ गुलाबी अळी शोधणाऱ्याला निम्म्या दिसतच नाहीत.

कोरडवाहू_तीनएकर
तिरकं चालतच घेतली, डाग न बघता. दोन अळ्या पांढऱ्या, एक गुलाबी. आणखी दोन बोंडांत सालीला आतून रेघ होती, पण अळी सापडली नाही. ती मोजली नव्हती.

बोंडफोड
मग तुमचा आकडा जास्त नसून कमीच आहे. काळीमाती म्हणतात ते बरोबर, थांबू नका. डोमकळ्या ४ टक्केच म्हणून धीर धरू नका. बोंडं लागल्यावर अळीचा ओढा फुलांपेक्षा बोंडांकडे जास्त असतो.

पाटपाणी
फवारणी एकाच औषधाची करा. एकरी २०० लिटर पाणी धरून इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के ८८ ग्रॅम, किंवा प्रोफेनोफॉस ५० टक्के ४०० मिली. दोन्ही एकत्र नको. बाटलीवरचं लेबल आणि विद्यापीठाचा चालू सल्ला पाहून घ्या. बोंडाच्या आत गेलेली अळी यातल्या कशानेही मरणार नाही. औषध पोचतं ते अंड्यांपर्यंत, नुकत्या निघालेल्या अळीपर्यंत आणि पतंगापर्यंत. म्हणून ८-१० दिवसांनी पुन्हा २० बोंडं फोडा. तेव्हाही जुनी मोठी अळी दिसेल, त्यावरून औषध फसलं असं समजू नका. नवीन पांढऱ्या अळ्या किती, ते बघा.

बांधावरून
दुकानदार सायपरमेथ्रिन घालून द्यायला तयार असतो, पतंग लगेच पडतात म्हणून. चालेल का?

पाटपाणी
ऑक्टोबरच्या सुरुवातीला नको. सिंथेटिक पायरेथ्रॉईड लवकर वापरली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. गरज पडलीच तर हंगामाच्या शेवटी.

आणि एक कळकळीचं सांगणं. या दिवसांत पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली असते, फवारा अंगावर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते उंच दाट कपाशीत फवारतानाच. फवारा अंगावर येईल असं वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दुपारीही फवारू नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच. मजुरालाही हे सगळं द्या.

काळीमाती
बीजी-२ चा प्रश्न राहिला. क्राय१एसी जनुकाचं बीटी २००२ मध्ये आलं, क्राय२एबी जोडलेलं बीजी-२ २००६ मध्ये. गुलाबी अळीने आधी एकाला आणि मग दुसऱ्यालाही दाद देणं सोडलं. आपल्याकडे बिगर बीटीच्या आश्रयी ओळी (प्रतिकार नसलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून लावायच्या) फारशा कुणी लावल्या नाहीत, त्यात फरदडीमुळे (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेल्या पिकामुळे) अळीला जवळजवळ वर्षभर खाणं मिळालं.

संकरित वाणाचं आणखी एक आहे, ते सहसा बोललं जात नाही. झाड पहिल्या पिढीचं, पण बोंडातली सरकी दुसऱ्या पिढीची. दोन्ही जनुकं झाडात एकेरी (एकाच पालकाकडून आलेली) असली तर सरकीत ती विभागली जातात : चौथ्या हिश्शात एक नसतं, चौथ्या हिश्शात दुसरं, आणि सोळातली एक सरकी दोन्हींविना. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण विषारी, अर्धं विषारी आणि बिनविषारी असं सगळं मिळतं, आणि प्रतिकार वाढायला यापेक्षा सोयीचं काही नाही. अमेरिकेत सरळ (संकरित नसलेल्या) वाणांची बीटी कपाशी, ॲरिझोनात २००६ पासून वांझ पतंग सोडणं आणि वेळेत पऱ्हाटी काढणं, हे सगळं मिळून २०१८ मध्ये गुलाबी अळीचं निर्मूलन जाहीर झालं.

बोंडफोड
ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्रीची (बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक मित्रकीटकाची) कार्डं पुढच्या हंगामात लावायची असतील तर एकरी ६०,००० अंडी, कार्ड पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. नुसती 'ट्रायकोकार्डं' मागू नका, बॅक्ट्रीच आहे का ते विचारा. आता फवारल्यावर लगेच लावून उपयोग नाही.

पाटपाणी
डिसेंबरअखेर पीक संपवा, पाणी देऊन फरदड घेऊ नका. किडकी कवडी (अळीने खराब केलेला कापूस) वेगळी वेचा, चांगल्या कापसात मिसळू नका. सुप्तावस्थेतली अळी दोन सरक्या जोडून त्यांच्या आत बसते आणि कापसाबरोबर घरात, जिनिंगमध्ये जाते. घरात कापूस साठवणार असाल तर तिथेही एक सापळा लावा, ल्यूर ताजी.