भरतनाट्यम का कथक? घरात दोन पार्ट्या पडल्यात

सातरस्त्याची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी आठ वर्षांची आहे, शाळेच्या गॅदरिंगला नाचली तेव्हापासून क्लास लावा म्हणून मागं लागलीय. घराजवळ कथकचा क्लास आहे आणि भरतनाट्यमचा जरा लांब, जुळे सोलापूरला. मला स्वतःला भरतनाट्यम आवडतं पण सासूबाई म्हणतात ते मद्राशी लोकांचं, गाण्यातलं एक अक्षर कळत नाही, आपल्यात कथकच शोभतं. मिस्टरांचं वेगळंच, दहावीला मार्क कशात जास्त तेवढं बघ म्हणे. एका ठिकाणी चौकशीला गेले तर पोरीला न बघताच "वर्षात दोन परीक्षा काढून देतो" म्हणाले, ते काय मला पटलं नाही. ज्यांची मुलं शिकायलीत त्यांनी सांगा की, नेमकं बघायचं काय?

तत्कार_प्रेमी:
ताई, कथक का भरतनाट्यम हे नंतर, आधी दोन्हीकडं जाऊन तासभर कोपऱ्यात बसा. स्टेजवरचे व्हिडिओ दाखवतील ते बघू नका, नवीन पोरांची बॅच बघा.

कथकच्या क्लासात मुलं हातानं टाळी-खाली धरून तोंडानं बोल म्हणतात का बघा, त्याला पढंत म्हणतात. तीनतालच्या सोळा मात्रा हातावर चालू आणि पाय ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, आधी बरोबरीत मग दुप्पट मग चौपट, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळी एकदम येतात का एकेक करून गळतात, तिथंच शिकवणं कळतं. जिथं पहिल्याच महिन्यात स्पीकरवर गाणं लावून चकरा मारायला लावतात तिथून चप्पल घालायची आणि निघायचं. घुंगरू पण लगेच आणू नका, पाय जरा बसू द्या, मग लहान पोरीला एका पायात पन्नास पुष्कळ झाले.

भरतनाट्यममध्ये अरैमंडी बघा, म्हणजे अर्धं बसून गुडघे बाहेर काढतात ते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच जायला पाहिजे, पोरगी पाऊल बाहेर वळवते आणि गुडघा आत पडतो असं दिसलं आणि मॅडम काहीच बोलेनात तर दोन-चार वर्षांनी गुडघेदुखी ठरलेली. चांगल्या मॅडम त्या लाकडी काठीनं ठोके देत एकेक अडवु (हातापायाच्या मूळ हालचाली) घासून घेतात, लय कंटाळवाणं दिसतं ते, पण तेच खरं.

परीक्षेचं म्हणाल तर आपल्याकडं बहुतेक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या देतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, पूर्ण, मध्यमा प्रथम, पूर्ण, आणि विशारदचे दोन भाग. म्हणजे सरळ चाललं तरी विशारदला सात वर्षं. वर्षात दोन काढून देतो म्हणणारा काय शिकवणार हे तुम्हीच समजा. आणि दहावीचे वाढीव गुण दोन्हीला मिळतात, मिस्टरांना सांगा त्यात फरक नाय.

होटगी_रोडवाला:
सासूबाईंना एक सांगा, ते "मद्राशी" भरतनाट्यम आज ज्या क्रमानं एकेक नाच सादर करतात ना, अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना, तो क्रम लावण्याचं श्रेय देतात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्, वडिवेलु या चार भावांना, आणि ते होते तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात! सरफोजीराजे दुसरे, १७९८ ते १८३२. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचं घराणं. आणि सरफोजींनी नाचासाठी मराठीत रचना केल्यात, निरूपणं म्हणतात त्यांना. मुंबईच्या पार्वतीकुमारांनी त्या परत बसवल्या, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या मराठी रचनांवर अभ्यास केला, शिवाय हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बसवून त्याला नृत्यगंगा नाव दिलं. उलट कथक आलंय लखनौ-जयपूरकडून, मग जवळचं कुठलं? (आपल्याकडं रोहिणी भाटेंनी पुण्यात १९४७ ला नृत्यभारती काढून कथक रुजवलं हे पण खरंय, म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. भांडण लावायचा हेतू नाही 😄)

पूर्वभागची_सून:
अरे सोलापुरात राहून कुचिपुडीचं, आंध्रच्या नाचाचं, कुणी नावच काढेना! आमच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगूच बोलतात, आमच्या अव्वाला (आजीला) वर्णम् बिर्णम् नको, तिला सत्यभामेचा नखरा पाहिजे. भामाकलापम् म्हणतात तो, वेणी पुढं घेऊन ठसक्यात येते सत्यभामा, आणि पूर्वी सगळे पुरुषच करायचे, वेदांतम् सत्यनारायण शर्मांचं सत्यभामेचं काम तर नावाजलेलं. आणि तरंगम्! पितळी ताटाच्या काठावर उभं राहून ताट पायानं सरकवत ताल धरायचा. माझी पुतणी हे बघून घरातलं जेवायचं ताट घेऊन सुरू झाली, ताटाला पोचा आला, आईनं पाठीत धपाटा दिला. लहान पोरांना ते देत नाहीत, आधी वर्षानुवर्षं अडवुच.

पण ताई खरं सांगू का, एवढ्या लहान पोरीसाठी घराजवळचं ते बरं. लांबचा क्लास पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. एप्रिल-मेला चार वाजता तिला गाडीवर बसवून जुळे सोलापूरला नेणार का तुम्ही? क्लास सुटला की मग कुठलाच नाच नाही.

सातरस्त्याची_आई:
तंजावरचं सासूबाईंना वाचून दाखवलं, "शिवाजी महाराजांच्या घरातलं व्हय" म्हणून एकदम गप्प 😂 पण उन्हाचं पण खरंच आहे. शनिवारी दोन्ही बॅच बघून येते, कथकच्या मॅडम आत बसू देते म्हणाल्यात. आणखी एक, घरी शहाबादी फरशी आहे, सरावाला चालते का? वर चादर टाकली तर?

तत्कार_प्रेमी:
सोलापुरी चादर पायाखाली कशाला, घसरून पडेल पोरगी. फरशी नाचायला कडकच, नडगी भरून येते, म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको, आणि आधी घोटे-गुडघे मोकळे करून घ्या. जाड सतरंजी असेल तर कडा नीट दाबून घाला, कथक असेल तर मात्र सतरंजीवर पायाचा आवाज मरतो, तेव्हा तत्कारापुरती, म्हणजे पायानं ते ता थेई थेई तत काढताना, ती गुंडाळून ठेवायची. आणि शनिवारी जाताना पोरीला पण न्या, तिचा पाय कुठं हलायला लागतो ते बघा.