लेक पाचवीत, हातात तीन कागद आणि तिन्हींचा निकाल वेगळा – कुणी उलगडून सांगेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक पाचवीत आहे, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. गेल्या सहा महिन्यांत तिच्या अभ्यासाबद्दल तीन कागद हातात आले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

पहिला कागद प्रगतिपुस्तक. पहिल्या सत्रात गणितात अ-२. मी खूश, आजीने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

दुसरा कागद खरं तर कागद नाही. ऑगस्टमध्ये कसलीशी पायाभूत चाचणी झाली होती. पालकसभेत बाईंनी यादी वाचली, त्यात हिला गणितात निम्म्याहूनही कमी गुण. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते सरकारला पाठवायचं असतं, तुम्ही नका मनावर घेऊ."

तिसरा, शिष्यवृत्तीची सराव परीक्षा. ३०० पैकी १०४. पहिल्या पेपरात ५८, दुसऱ्यात ४६.

वर आता शाळेच्या ग्रुपवर संदेश फिरतोय की पाचवीला वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास त्याच वर्गात बसवणार. आमच्या वेळी नापास व्हायचे, मग मध्ये बंद झालं, आता परत सुरू?

हिचे बाबा म्हणतात, अ-२ आहे ना, गप्प बस. जाऊबाई म्हणतात, १०४ म्हणजे काहीच येत नाही, क्लास लाव. माझा प्रश्न साधा आहे. माझ्या मुलीला गणित येतं की नाही? यातलं कुठलं खरं धरायचं?

सोलापुरी_चादर

तिन्ही खरं आणि तिन्ही खोटं. 😄 थांबा, खडूफळा सर येतील, त्यांचा विषय आहे.

दीडशहाणा

रानजाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवर माझा काडीचा विश्वास नाही. पुतण्याला सातवीपर्यंत अ-१ आणि ब-१ होत्या, आठवीत घरी बसवून भागाकार दिला तर दांडी गुल. शिष्यवृत्तीची परीक्षाच खरी. आमच्या वेळी चौथी-सातवीला असायची, गुरुजी संध्याकाळी कंदील लावून जादा तास घ्यायचे, एक पैसा न घेता. क्लास लावा आणि मोकळ्या व्हा.

खडूफळा

हाक ऐकली, आलो. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतोय, त्यातली बरीचशी जिल्हा परिषदेत. ताई, तुमच्या तिन्ही कागदांवर मुलगी एकच आहे, पण तिला विचारलेलं एक नाही. म्हणून उत्तरंही जुळत नाहीत. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

प्रगतिपुस्तकापासून सुरू करू. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, श्रेण्या तेव्हापासूनच्या. अ-२ म्हणजे ८१ ते ९०. पण हे ८१ एका पेपरातून येत नाहीत. एक भाग आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालतं ते, दुसरा संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकाचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. आकारिकात काय येतं? रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या लेखी चाचण्या. पुस्तक उघडं ठेवून द्यायची चाचणीसुद्धा त्यात बसते. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. जे पोर लेखी पेपरात घाबरतं पण फळ्यापाशी झकास समजावून सांगतं, त्याला यात न्याय मिळतो. पण खरं सांगू? आकारिकात आमचा हात सैल सुटतो. चाळीस मुलांचं रोजचं निरीक्षण कोण लिहितं? आणि ड किंवा त्याखालची श्रेणी दिली की त्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान क-२ पर्यंत आणायची जबाबदारी आमचीच. पुढचं तुम्ही समजून घ्या.

तेव्हा पहिलं काम: शाळेत जाऊन विचारा, आकारिकाचे किती आणि संकलिताचे किती? शिक्षकांच्या नोंदवहीत दोन्ही वेगळे असतात. नुसती श्रेणी बघून काही कळत नाही.

आता पायाभूत चाचणी. ही नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांमधली पहिली, ज्याला आम्ही पॅट म्हणतो. भाषा, गणित आणि इंग्रजी, तीनच विषय. वर्षात तीनदा होते: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. पायाभूतमध्ये मागच्या इयत्तेचं विचारतात. म्हणजे तुमच्या लेकीला ऑगस्टमध्ये चौथीचं गणित विचारलं होतं. त्याचे गुण प्रगतिपुस्तकात धरत नाहीत, ते ऑनलाइन भरून वर जातात. पण "सरकारला पाठवायचं असतं" हे अर्धंच उत्तर झालं. ती चाचणी शिक्षकाला कळावं म्हणून असते, की या पोराचं मागच्या वर्षीचं काय कच्चं राहिलं. आणि त्यातलं कच्चं भरून काढायला काय केलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भांडू नका, विचारा.

वार्षिक परीक्षेचं जेवून येऊन लिहितो.

एडिसनकर

सर येईपर्यंत माझी एक भर. आम्ही न्यू जर्सीत, मुलगा चौथीत. इथे तिसरीपासून राज्याची परीक्षा. त्याचा अहवाल घरी येतो, त्यात ६५० ते ८५० मधला एक आकडा आणि एक ते पाच पातळ्या. ७५० च्या पुढे म्हणजे अपेक्षा पूर्ण. पहिल्या वर्षी मुलाला ७४१ आले. मला वाटलं, अरे वा, साडेसातशेच्या जवळ, उत्तमच! बायकोने दाखवलं की तक्ता शून्यापासून नाही, ६५० पासून सुरू होतो. तुमच्याकडे कागद नाही म्हणून गोंधळ, आमच्याकडे कागद वाचता येत नाही म्हणून. इतकंच सांगायचं होतं.

चिंचोका

@दीडशहाणा, कंदील वगैरे ठीक आहे, पण त्या जादा तासांना वर्गातली निवडक दहाच पोरं बसवायचे हेही सांगा की. मी अकरावी होते. 😐

दीडशहाणा

@चिंचोका, हे मात्र खरं. आमच्याकडे आठ होती.

खडूफळा

आलो. शिष्यवृत्तीचं आधी उरकतो. ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पहिल्या पेपरात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात. लेकीचा पहिला पेपर फक्त दोन गुणांनी मागे आहे, जाऊबाईंना सांगा. दुसऱ्यात बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न असतात, ते शाळेच्या पुस्तकात कुठेच नाहीत. सराव नसेल तर हुशार पोरही तिथे अडतं. ही परीक्षा हजारोंतून काहींना निवडण्यासाठी आहे, वर्गातलं येतं की नाही हे बघण्यासाठी नव्हे. दीडशहाणा, इथे तुमच्याशी माझं जुळत नाही.

आता ज्याची खरी धास्ती आहे ते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ मध्ये केंद्राने दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीपुरती राज्यांना मुभा दिली. आपल्याकडे त्याची रीत डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ठरली. पाचवीला दुसऱ्या सत्रात नेहमीच्या संकलित दोनऐवजी वार्षिक परीक्षा, प्रत्येक विषयाला ५० गुण: ४० लेखी, १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८. आठवीला ६० पैकी २१. थोडक्यात राहिलं तर सवलतीचे गुण आहेत. तरी राहिलंच, तर त्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही नाही जमलं तरच त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

ग्रुपवरचा संदेश खोटा नाही, पण मधल्या दोन पायऱ्या गाळून फिरतोय. ५० पैकी १८ साठी तुम्ही झोप घालवू नका.

सोलापुरी_चादर

सर, मध्येच एक शंका. माझा मुलगा चौथीत. शिष्यवृत्ती आता पुन्हा चौथीला आली म्हणे? मग पाचवीवाल्यांचं काय?

खडूफळा

हो. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. आत्ता पाचवी-आठवीत असलेल्यांची संधी जाऊ नये म्हणून २०२५-२६ या एका वर्षी चारही इयत्तांची परीक्षा, पाचवी-आठवीची आधी आणि चौथी-सातवीची उन्हाळ्यात. २०२६-२७ पासून फक्त चौथी-सातवी. शाळेनेच अर्ज भरायचा असतो, मुख्याध्यापकांच्या मागे लागा.

रानजाईताई, घरी एक करून बघा. दुसरीच्या पुस्तकातला एखादा उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. 'प्रथम' या संस्थेचे लोक 'असर' नावाच्या शैक्षणिक पाहणीत गावोगाव साधारण हेच करतात. पाच मिनिटांचं काम, आणि तेवढ्यात पुष्कळ कळतं. मग शाळेत जाऊन संकलितची उत्तरपत्रिका मागा. गुण बघू नका. चुका कुठल्या पानावर आहेत ते बघा.

निवांत_बसलोय

वाचनखूण साठवली. आमचं पिल्लू अजून बालवाडीत, पण धास्ती आत्तापासूनच.

रानजाई

(चार दिवसांनी)

सर आणि सगळ्यांचे आभार. रजा टाकून शाळेत गेले होते. बाई आधी जरा कुरकुरल्या, मग मी तिळगुळाचा डबा पुढे केला. (संक्रांत कामाला आली.)

आकारिक ५० पैकी ४७. संकलित ५० पैकी ३५. बेरीज ८२, म्हणून अ-२. सर म्हणाले तस्संच.

संकलितची उत्तरपत्रिका पाहिली. पहिली दोन पानं स्वच्छ. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, एक चूक नाही. शेवटच्या पानावर शाब्दिक उदाहरणं आणि तिथे सगळा आनंद. उदाहरण साधारण असं होतं की डझनभर वह्या २४० रुपयांना, तर एका वहीची किंमत किती? आमच्या बाईसाहेबांनी २४० अधिक १२ करून उत्तर २५२ लिहिलंय. एक वही २५२ रुपयांची! दीड डझन केळ्यांच्या उदाहरणात केळी १२च धरली.

घरी येऊन विचारलं, दीड म्हणजे काय गं? म्हणाली, "एक आणि थोडंसं." पाऊण म्हणजे? "पाहुण्यासारखं काहीतरी." सासूबाई हसून हसून बेजार. पण मला रडू यायचं बाकी होतं. आमच्या घरात कुणी दीड-पाऊण म्हणतच नाही हो. दूध पाचशे मिलीची पिशवी, भाजी मोबाइलवरून सातशे पन्नास ग्रॅम.

भागाकार मात्र झटक्यात केला. दुसरीचा उतारा वाचला, पण गाडी सुटल्यासारखा. काय वाचलं विचारलं तर निम्मं सांगता आलं नाही.

खडूफळा

सापडलं की मग! हिचं गणित नाही, वाचन अडलंय. दोन आकडे दिसले की पोरं त्यांचं काहीतरी करून मोकळी होतात. ऑगस्टच्या चाचणीतही हेच झालं असणार, तिथेही शब्दांतले प्रश्न असतात.

माझ्या वर्गात चालतं ते सांगतो. उदाहरणातले आकडे बोटाने झाकायचे आणि फक्त गोष्ट सांगायला लावायची. कुणी आणलं, काय आणलं, वाटलं की जमवलं? "आधी सगळ्या वह्यांचे पैसे दिलेत, एकीचे काढायचेत" एवढं स्वतःच्या तोंडाने म्हणता आलं की बोट उचलायचं. रोज दोनच उदाहरणं. तिसरं देऊ नका, कंटाळतात. आणि सासूबाईंना बाजाराची पिशवी देऊन तिला सोबत पाठवा. सव्वा, दीड, पाऊण, अडीच त्यांच्याकडून शिकेल.

चिंचोका

दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनात सत्तावीसऐवजी 'वीस सात' आलं तेव्हा २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? दीड-पाऊण मात्र गुपचूप गेले, कुणी हूं की चूं केलं नाही.

दीडशहाणा

माझा आयडीच तेवढा उरला म्हणायचं. 😄 रानजाई, क्लासचा सल्ला मागे घेतो. निदान वार्षिक परीक्षा होईपर्यंत.

रानजाई

शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय, तिला बसायचंय, बसू दे. कालपासून आकडे झाकणं सुरू केलंय. पहिल्याच उदाहरणाला म्हणाली, "आई, बोट काढ ना, आकडे दिसल्याशिवाय मला कसं कळणार काय करायचं ते!"

आज सासूबाईंबरोबर बाजारात गेली आहे, पाऊण किलो वांगी आणायला. आल्यावर लिहिते.