तातडीचं: खुरकूत थांबेना, फूटबाथमध्ये फिनाइल किती घालायचं?

सांवेर_रोड: इंदूरजवळ गोठा आहे. दोन म्हशींना लाळ, खुरांत जखमा; डॉक्टरांनी खुरकूत (विषाणूचा साथीचा रोग) सांगितलं. दारात फूटबाथ (बूट बुडवायचा औषधी पाण्याचा टब) आहे, फिनाइल रोज टाकतो, तरी आज तिसरी म्हैस आजारी. प्रमाण तेवढं सांगा, लवकर.

महूकर: एकूण जनावरं किती? वासरं आहेत का? शेवटची लस कधी? धार आधी कोणाची काढता?

क्षारपाणी: फिनाइल दाट करूनही या विषाणूवर भरवसा नाही. त्याला पीएच (पाणी किती आंबट की क्षारी याचं माप) 6 च्या खाली किंवा 9 च्या वर नेऊनच मारावं लागतं. धुण्याचा सोडा 4 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम. खाण्याचा सोडा नको. बूट आधी ब्रशने घासा, शेण असलं की औषध आत पोचत नाही. पाणी रोज बदला, घाण झालं की लगेच.

देवास_नाका: त्याच टबात व्हिनेगरही ओता, जास्त असर होतो.

क्षारपाणी: अजिबात नको! आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, उरतं नुसतं पाणी. दोन्हीपैकी एकच. आणि ॲल्युमिनियमच्या कॅनला सोडा लावू नका, धातू खातो.

देवास_नाका: मग आजच सगळ्यांना लस टोचून मोकळे व्हा.

महूकर: ताप असलेल्या जनावराला लस नको. निरोगी दिसणाऱ्यांचंही डॉक्टरांना विचारूनच, कारण काहींच्या अंगात रोग आधीच मुरलेला असू शकतो आणि लसीचा परिणाम लगेच होत नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई, लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली.





सांवेर_रोड: 14 म्हशी, 5 वासरं. लस मागच्या वर्षी. धारेला एकच माणूस, क्रम काही नाही. वासरं आईलाच पितात.

महूकर: मग फूटबाथचा प्रश्न बाजूला ठेवा, रोग पसरायची वाट इथेच आहे. लस दर 6 महिन्यांनी लागते. वासरं आजारी आयांपासून आत्ता तोडा. दुधातून विषाणू जातो आणि लहान वासराचं हृदय एकाएकी बंद पडतं. त्यांना दूध उकळून, कोमट करून पाजा. धार निरोगी म्हशींची आधी, आजारींची शेवटी. आजारींची बादली, दोर, माणसाचे कपडे वेगळे. उष्टा चारा निरोगींपुढे टाकू नका. दूधवाल्याची गाडी आणि कॅन फाटकाबाहेर. जनावर विकणं-आणणं बंद. 1962 ला (जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन) फोन लावून शेजारच्या गोठ्यांनाही कळवा.

सांवेर_रोड: वासरं आयांपासून वेगळी करतोय. सोडा किराण्यात मिळेल ना?

क्षारपाणी: हो, वॉशिंग सोडा म्हणून मागा. हातमोजे घालून ढवळा.