प्रतिसाद: ऑक्सिजन नाही म्हणून कुजणं थांबत नाही

समुद्रात ऑक्सिजन नसलेल्या थरातून सेंद्रिय कणांचा गाळ जास्त प्रमाणात खोल का पोचतो, हा या धाग्याचा प्रश्न. त्यावर ‘ऑक्सिजन नाही म्हणजे कुजणंच बंद, म्हणून गाळ जास्त खाली पोचतो’ हे वर आलेलं कारण अर्धंच पटलं. गाळ जास्त पोचतो, हे खरं. खाली बुडणारे कण खोलीबरोबर किती कमी होत जातात, हे सांगणारं मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञांचं १९८७ चं सूत्र आहे; त्याचा घातांक साधारण ०.८६ (तो जितका मोठा, तितके कण लवकर संपतात). त्याने १०० मीटरवरून निघालेल्या सेंद्रिय कणांपैकी १००० मीटरवर जेमतेम १४ टक्के उरतात. मेक्सिकोच्या पश्चिमेच्या ऑक्सिजनशून्य पाण्यात तो घातांक ०.४ च्या आसपास निघालाय, म्हणजे ४० टक्के उरतात! पण आमच्या वाळव्याकडं गोबरगॅसच्या टाकीत हवा नसतानाही शेण कुजतंच की. समुद्रातले जिवाणू तर ऑक्सिजन संपला की नायट्रेट वापरतात, आणि त्यातून मिळणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या जवळपास तेवढीच असते.

धाग्यात राहून गेलेला मुद्दा प्राणिप्लवकांचा. कोपेपॉडसारखे हे बारके जीव एरवी खाली येणारे कण खातात आणि त्याहून जास्त म्हणजे फोडतात. तुकडे झाले की ते सावकाश बुडतात, जिवाणूंना वेळ मिळतो. ऑक्सिजन नसलेल्या थरात यांचा वावर आणि खाणं दोन्ही मंदावतं, त्यामुळं कण अखंड राहून भराभर खाली जातात. सगळं श्रेय त्यांनाच द्यावं असं नाही, पण जिवाणूंवरच बोट ठेवणं चूक. अरबी समुद्रात असा थर साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर बारमाही आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कधीकधी नायट्रेटही संपतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.