मदत हवी आहे: लुईस आरागोनेसवरचा लेख अडकलाय

मधली_फळी

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेतलं एक पान यंदा फुटबॉलला दिलंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. "फॉरवर्डवर लिही, पण पुढे कोच झालेला हवा" एवढीच अट. सगळ्यांना वाटलं मी लुईस एन्रिके घेणार. मी भाव खायला म्हणून स्पेनच्याच जुन्या लुईस आरागोनेसचं नाव टाकलं. आता भोगतोय.

माहिती कमी आहे असं नाही, उलट फार झालीये. माणूस १९३८ साली होर्तालेसात जन्मला, तेव्हा ते माद्रिदच्या कडेचं गाव. तरुणपणी रेआल माद्रिदच्या पदरी होता, पण त्यांनी त्याला उसना म्हणून गावोगाव फिरवला आणि पहिल्या संघातून कधी उतरवलाच नाही. मग ओव्हिएदो, बेतिस, आणि १९६४ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद. तिथे दहा वर्षांत तीन लीग, दोन कप. १९६९-७० मध्ये १६ गोल करून आमान्सियो आणि गाराते यांच्यासोबत सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. क्लबसाठी एकूण १७३ गोल. तो आकडा ओलांडायला ग्रीझमनला जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

अडलंय ते असं. सुरुवात कुठून करू? १९७४ च्या युरोपियन कप फायनलपासून, की २००८ च्या व्हिएन्नापासून, जिथे तो कोच असताना स्पेनने युरो कपची फायनल जिंकली?

दुसरं, टोपणनावं. त्याला 'साबियो दे होर्तालेसा' म्हणायचे, म्हणजे होर्तालेसाचा शहाणा. पण आपल्याकडे "मोठा शहाणा लागून गेलास" म्हटलं की ती स्तुती राहत नाही. आणि खेळाडू असताना नाव होतं 'सापातोनेस', म्हणजे भले थोरले बूट. मी कोल्हापूरचा, माझ्या डोक्यात पहिला शब्द 'पायताण' आला. पण आमच्याकडे पायताण दाखवतात ते वेगळ्या कारणासाठी.

तिसरं आणि खरं अवघड: फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीबद्दल तो जे बोलला, ते प्रकरण लिहायचं की नाही? स्मरणिका आहे, लहान पोरं वाचतात.

जुना_गोली

१९७४ पासून सुरू कर, दुसरा विचार नको. १५ मे, ब्रसेल्सचं हेझेल स्टेडियम, समोर बायर्न म्युनिक. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. ११४ व्या मिनिटाला डीच्या बाहेर फ्री किक मिळते. आरागोनेस चेंडू भिंतीवरून अलगद वळवतो, बायर्नचा गोली सेप मायर जागचा हलतसुद्धा नाही. कप जवळजवळ हातात. आणि १२० व्या मिनिटाला बायर्नचा बचावपटू श्वार्त्सेनबेक, ज्याचं काम एरवी बेकेनबाउअरच्या आजूबाजूचं राखायचं, तो लांबून एक सरपटी फटका मारतो. १-१. तेव्हा फायनलच्या पहिल्या सामन्याला पेनल्टी शूटआउट नव्हतं, दोन दिवसांनी पुन्हा सामना. त्यात बायर्न ४-०. हनेसचे दोन, म्युलरचे दोन.

मी गोलकीपर होतो म्हणून एक गोष्ट मनात घर करून आहे. तो फटका ज्याच्या बाजूने गेला तो अ‍ॅटलेटिकोचा गोली मिगेल रेइना. चौतीस वर्षांनी आरागोनेसने युरो कपला जो संघ नेला त्यात तिसऱ्या साखळी सामन्यात, ग्रीसविरुद्ध, गोलमध्ये उभा होता पेपे रेइना. मिगेलचा मुलगा. हे लेखात आलंच पाहिजे.

मधली_फळी

काका, रेइनाचं माहीत होतं पण हे दोन धागे मी जोडलेच नव्हते! एक शंका: १९७४ मध्येच आरागोनेस एकदम कोच कसा झाला? मध्ये काही वर्षं शिकला वगैरे असेल ना?

जुना_गोली

नाही रे. तेच तर. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडाला क्लबने कोच हुआन कार्लोस लोरेन्सोला काढलं आणि छत्तिशीच्या आरागोनेसला विचारलं. त्याने बूट काढले आणि संघ हातात घेतला. ज्यांच्या शेजारी बसून कालपर्यंत पट्ट्या बांधत होता त्यांनाच आता बाकावर बसवायचं! गाराते, आदेलार्दो, इरुरेता, सगळे सोबती. बायर्नने इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधली लढत, खेळायला नकार दिला म्हणून उपविजेते गेले. अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंतेकडून तिकडे १-० हरले आणि एप्रिल १९७५ मध्ये घरी २-० जिंकले. युरोप न जिंकता जग जिंकलेला क्लब. १९७७ मध्ये लीगही.

पास_दे_पुढे_जा

काकांचा मान राखून, मी व्हिएन्नाच्या बाजूने. १९७४ हा खेळाडू आरागोनेस. अट 'पुढे कोच झालेला' अशी आहे ना? मग कोच म्हणून त्याने काय बदललं ते सांग.

२००४ मध्ये स्पेनचा संघ हाती घेतला तेव्हा स्पेन म्हणजे दर स्पर्धेत फेव्हरिट आणि दर वेळी क्वार्टर फायनलच्या आसपास घरी. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सकडून ३-१. सप्टेंबरमध्ये बेलफास्टला नॉर्दर्न आयर्लंडकडून ३-२, डेव्हिड हीलीची हॅटट्रिक. त्यानंतर त्याने कर्णधार राऊलला पुन्हा कधी बोलावलं नाही. राऊल! आपल्याकडे भर फॉर्मच्या चर्चेत सचिनला बसवलं असतं तर काय झालं असतं, तसं. पेपर तुटून पडले, लोक सरावाला येऊन राऊलच्या नावाने ओरडायचे. हा गडी ढिम्म.

आणि मग त्याने चावी, इनिएस्ता, फाब्रेगास, सिल्वा असे सगळे बुटके एकत्र केले, मागे राखणीला मार्कोस सेन्ना ठेवला आणि सांगितलं की चेंडू सोडायचा नाही. गंमत ही की हा स्वतः आयुष्यभर प्रतिहल्ल्याच्या फुटबॉलचा माणूस. अ‍ॅटलेटिकोची सगळी ओळखच ती. सत्तरीला टेकल्यावर स्वतःची सवय मोडणं मला त्या फ्री किकपेक्षा मोठं वाटतं.

सईची_आई

ऑन्रीबद्दल लिहा, दादा. पोरं वाचतात म्हणूनच लिहा. २००४ मध्ये स्पेनच्या सरावात रेयेस या खेळाडूला चेव आणायला त्याने रेयेसच्या आर्सेनलमधल्या सोबत्याबद्दल, ऑन्रीबद्दल, कातडीच्या रंगावरून घाण शब्द वापरले आणि ते कॅमेऱ्यात आलं. पुढच्याच महिन्यात माद्रिदला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात अ‍ॅशली कोल आणि शॉन राइट-फिलिप्सच्या पायात चेंडू आला की प्रेक्षक माकडांचे आवाज काढत होते. स्पॅनिश फेडरेशनने आरागोनेसला ३,००० युरो दंड केला. एवढ्या पगाराच्या माणसाला ३,००० म्हणजे चहापाणी.

शब्द छापू नका, घडलं ते छापा. आणि "पण तो मनाने चांगला होता" हे वाक्य कृपया जोडू नका. माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते, तिच्या रंगावरून मैदानात जे ऐकू येतं तेही "चेष्टेत"च असतं.

मधली_फळी

ताई, पटलं. मी नेमकं तेच वाक्य लिहून ठेवलं होतं. खोडतो.

पास_दे_पुढे_जा

टोपणनावांचं फार मनावर घेऊ नकोस. व्हिएन्नाच्या फायनलच्या आधी खोलीत बोलताना आरागोनेस जर्मनीच्या बालाकला 'वॉलेस' म्हणत राहिला, असं खेळाडूंनीच नंतर सांगितलंय. पोरं हसायला लागली आणि ताण उतरला. चुकून की मुद्दाम, कोण जाणे. मग ३३ व्या मिनिटाला तोरेसने लामला मागे टाकून गोल मारला आणि १९६४ नंतर स्पेनला पहिला मोठा कप मिळाला. तोच तोरेस, जो पोरसवदा असताना २००१-०२ मध्ये सेकंड डिव्हिजनला याच म्हाताऱ्याच्या हाताखाली होता.

'साबियो'ला 'जाणता' लिही. 'होर्तालेसाचा जाणता'. बुटांचं राहू दे 'सापातोनेस'च.

जुना_गोली

'जाणता' झकास. आणि शेवट फेब्रुवारी २०१४ वर कर. १ तारखेला तो गेला, ७५ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटलेटिकोने रेआल सोसिएदादला ४-० हरवलं, पहिला गोल दाविद व्हियाचा, जो २००८ च्या युरोत सर्वाधिक गोल करूनही दुखापतीमुळे फायनल खेळला नव्हता. त्या मोसमात लीग जिंकली. मग मे महिन्यात लिस्बनला रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल, पुन्हा १-० पुढे, पुन्हा शेवटच्या क्षणी गोल खाल्ला, एक्स्ट्रा टाइममध्ये ४-१ हरले. तो ९३ व्या मिनिटाचा हेडर मारणारा सर्जियो रामोस. तोही व्हिएन्नाच्या संघातला, आरागोनेसचाच पोरगा.

मधली_फळी

काका, अंगावर काटा आला. आता सगळं जुळतंय: श्वार्त्सेनबेकपासून सुरू, रामोसवर बंद, मध्ये व्हिएन्ना. ऑन्री व्हिएन्नाच्या आधी, जसं घडलं तसं.

पण आत्ताच संपादकांचा फोन आला. अर्धं पान मिठाईवाल्याच्या जाहिरातीला गेलंय. तीनशे शब्दांत बसवायचंय. काय कापू?

जुना_गोली

लीग-कपांचे आकडे काप. रेइना कापलास तर बघ.

सईची_आई

आणि जागा कमी आहे म्हणून पहिला माझा परिच्छेद उडवू नका.