आत्याच्या कपाळावरचा फ्लॅश

फोटोत फ्लॅशने आत्याचं कपाळ पांढरं पडलंय, आणि ब्राइटनेस उतरवला की ते तसंच राहतं नि बाकी फोटो काळवंडतो, म्हणताय ना? मग ब्राइटनेसला हातच लावू नका. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करून मोड मल्टिप्लाय (खालचा थर गडद करणारा) ठेवा, लेयर मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) देताना ग्रेस्केल कॉपी, म्हणजे फोटोचीच करडी प्रत, निवडा. मुख्यतः उजळ भागच गडद होतो, नऊवारीच्या काठाची जर बरीच परत दिसते.

कपाळ मात्र पिकरने, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणाऱ्या साधनाने, तपासा. लाल, हिरवा, निळा तिन्ही 255, म्हणजे कमाल, आले तर तिथे काही उरलेलंच नाही. मल्टिप्लायनेही पांढरंच राहणार. नव्या लेयरवर गालाचा रंग घेऊन मऊ ब्रश 15-20 टक्के ऑपॅसिटीवर (रंगाच्या दाटपणावर) फिरवा. थोडी चकाकी राहू द्या. मी आईचा फोटो इतका ‘सुधारला’ की ती म्हणाली, “मेण फासलंस का रे मला?”