शब्दचर्चा: संदेशवाहक, संप्रेरक की संकेतक प्रथिने?

प्रश्न: अस्थिमज्जेत रक्तपेशी कशा तयार होतात, यावर मराठीत एक लेख लिहीत आहे. या निर्मितीचे नियमन करणाऱ्या ‘सिग्नलिंग प्रोटीन्स’साठी कोठे ‘संदेशवाहक प्रथिने’, कोठे ‘संप्रेरके’, तर कोठे ‘वृद्धिघटक’ असे शब्द वाचायला मिळतात. यांपैकी कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १: ‘संदेशवाहक’ नको, कारण तो शब्द ‘संदेशवाहक आरएनए’साठी रूढ झाला आहे. ‘संप्रेरक’ हा तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिनला चपखल बसतो. ते प्रौढांमध्ये प्रामुख्याने मूत्रपिंडात तयार होते आणि रक्तावाटे मज्जेपर्यंत पोहोचते. पण ‘स्टेम सेल फॅक्टर’ मज्जेतल्या आधारपेशीच तयार करतात आणि पुष्कळदा ते त्या पेशींच्या पटलालाच जोडलेले राहून शेजारच्या मूळपेशीवर काम करते. त्याला संप्रेरक म्हटले, तर दूरवर प्रवास करण्याचा जो अर्थ त्या शब्दाला चिकटला आहे, तो खोटा पडतो.

‘वृद्धिघटक’ हा शब्द ऐकायला सोपा असला तरी मला तो सर्वांत दिशाभूल करणारा वाटतो. तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी एका विशिष्ट टप्प्यावर एरिथ्रोपोएटिन न मिळाल्यास आपण होऊन मरतात, आणि निरोगी माणसातही त्यांपैकी बऱ्याच पेशी अशाच संपतात. रक्तातला प्राणवायू कमी झाला, की मूत्रपिंडातील पेशींमध्ये एरव्ही सतत मोडीत निघणारे ‘एचआयएफ’ हे प्रथिन टिकून राहते, एरिथ्रोपोएटिनचे जनुक कामाला लागते आणि मरणाऱ्या पूर्वज पेशींपैकी अधिक पेशी वाचतात. (या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले.) म्हणजे येथे वाढवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जगवण्याचे काम चालते.

म्हणून माझी पसंती ‘संकेतक प्रथिने’ या शब्दाला आहे. मराठीत ‘संकेत’ म्हणजे नुसती खूण नव्हे. ती दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असलेली खूण असते. प्रेमिकांचे संकेतस्थळ तिऱ्हाइताला नुसते एक झाड वाटते, तसे ज्या पेशीवर एरिथ्रोपोएटिनचा ग्राही (ते प्रथिन धरून घेणारा पेशीवरचा रेणू, ‘रिसेप्टर’) नाही, तिला ते प्रथिन जवळून गेल्याचेही कळत नाही. अर्थ प्रथिनात एकट्याने नसतो. तो प्रथिन आणि ग्राही यांच्या जोडीत असतो.

प्रतिसाद २: विवेचन पटले, पण वापराचे काय? डायलिसिसच्या रुग्णाला ‘ईपीओचे (म्हणजे एरिथ्रोपोएटिनचे) इंजेक्शन’ म्हटलेले समजते, आणि केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की त्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे ‘जीसीएसएफ’ हेच नाव कानावर पडते. त्याचे तरी ‘कणिकापेशी-वसाहत-उद्दीपक घटक’ असे भाषांतर करू नये, ही विनंती.

प्रतिसाद ३ (पहिल्या प्रतिसादकर्त्याकडून): एकेकट्या प्रथिनांची नावे आहेत तशीच देवनागरीत लिहावीत, याबाबत दुमत नाही, माझे म्हणणे त्यांच्या वर्गनामापुरते आहे. ‘वसाहत’ हा शब्द तर शरीरातला नाहीच, तो प्रयोगशाळेतला आहे. 1960 च्या दशकात मेलबर्नमध्ये ब्रॅडली व मेटकाफ यांनी, आणि स्वतंत्रपणे इस्रायलमध्ये प्लुझ्निक व साक्स यांनी, मज्जेतल्या पेशी आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या घट्टसर थरात वाढवल्या, तेव्हा एकेका पूर्वज पेशीपासून झालेले पुंजके, म्हणजेच ‘वसाहती’, दिसले. ते पुंजके वाढण्यासाठी जे लागत होते, त्याला हे नाव पडले. मज्जेत असे सुटे पुंजके मोजता येत नाहीत, त्यामुळे शब्दशः भाषांतर वाचकाच्या हाती काहीच देत नाही.

एक पुरवणी. मूळ प्रश्नात ‘नियमन’ आहे. तोच ठेवावा, ‘नियंत्रण’ करू नये. प्लेटलेटच्या निर्मितीचे संकेतक प्रथिन थ्रोम्बोपोएटिन मुख्यतः यकृतातून येते आणि प्लेटलेट ते आपल्या ग्राहीवर धरून नष्ट करतात. प्लेटलेट घटल्या की ते रक्तात अधिक उरते व मज्जेतील, प्लेटलेट तयार करणाऱ्या महाकेंद्रकी पेशी वाढतात. प्लेटलेट वाढल्या की ते आटते. येथे वरून हुकूम सोडणारा कोणी नाही.

‘संकेत’ हा शब्द बिघाडाच्या वर्णनातही उपयोगी पडतो. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात सुमारे 95 टक्के रुग्णांमध्ये ‘जॅक 2’ या प्रथिनात, 617 व्या जागी, एकच अमिनो आम्ल बदललेले असते. हे प्रथिन ग्राहीच्या आतल्या बाजूला जोडलेले असल्याने बाहेरून संकेत आलेला नसतानाही पेशी तो आल्यासारखी वागते, आणि तांबड्या पेशी भरमसाट वाढूनही रक्तातले एरिथ्रोपोएटिन मात्र बहुधा कमीच आढळते. ‘वृद्धिघटक कमी आणि वृद्धी जास्त’ असे लिहिले, तर वाचक गोंधळून जाईल.